शिल्लक

त्राब्झोनच्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर
माझं काम उष्ट्या ताटांचं.
कुणी किती खाल्लं, किती टाकलं,
दुपारी तक्त्यात लिहायचं:
पाव, अर्धं, पाऊण.
शेवटच्या रकान्याचं नाव शिल्लक.

सोळा नंबरच्या खाटेवर इद्रिस उस्ता.
हाडाचा सुतार,
म्हणजे आता बराचसा हाडांचाच.
सुरमेनेच्या किनाऱ्यावर बासष्ट बोटी बांधल्या त्यानं.
त्याच्या दंडावर रक्तदाबाचा पट्टा
दोन वेढे घेतो.

हृदयाच्या तीन नळ्या, तिन्ही अरुंद.
सर्जन म्हणाले, उघडावं लागेल, पण इतक्यात नाही.
अल्ब्युमिन दोन पूर्णांक सात.
असल्या अंगावर टाका धरत नाही.
आधी याला खाऊ घाला.

लोकांना वाटतं, हृदयाचा आजार
म्हणजे खाऊन पिऊन सुखी माणूस.
ते या मजल्यावर आलेले नसतात.
इथं भिंतींत पन्नास वर्षांच्या पंगती साठलेल्या
आणि चुलीवर काही नाही,
एकाच माणसात.

हाजेर गेली ऑगस्टात,
अंगणात हेझलनट वाळत घालताना.
तेव्हापासून हा चहात पाव बुडवतो.
बाकी काही नाही.
मसुराचं सूप ठेवलं, दही ठेवलं, अंडं ठेवलं.
"तुमच्या हातांना आयुष्य लाभो," म्हणाला
आणि ताट अलगद माझ्याकडे सरकवलं.
"घास तोंडात फिरत राहतो, मुली.
धक्का सापडत नाही त्याला."

मी लिहिलं: शिल्लक, पूर्ण.

गुरुवारी तुगाय डॉक्टरनं फिल्म दाखवली.
नवा आहे, उत्साही आहे, बोट टेकवून बोलतो:
"हे इथं पाहा. आणि हे.
रोज सकाळी काय खायचात?"
मक्याचं पीठ, चीज,
वर तरंगेल एवढं लोणी.
एक्केचाळीस वर्षं. तीच करायची.
"मग हे तेच लोणी, काका."

उस्ता पडद्याकडे बघत राहिला.
काळं, पांढरं, धडधडणारं झाड.
चष्मा पुसला. परत बघितलं.
"म्हणजे तिच्या हातचं."
आणि मग, अगदी हळू,
"ते काढून टाकणार का?"

ते काही नुसतं लोणी नसतं, मला ठाऊक आहे.
चुना असतो, मेलेल्या पेशी असतात,
खपलीवर धरलेली खपली.
मी दुरुस्त केलं नाही.
म्हटलं, "नाही उस्ता. ते आहे तिथंच राहतं.
पायातली एक शीर घेतात
आणि बाजूनं वाट काढून देतात."

"कुजकी फळी न उखडता
शेजारी नवी ठोकायची."

"तसंच."

"फळी कुठली?"

"तुमचीच."

त्यानं पांघरुणावरून पोटरी चाचपली,
लाकडाच्या वखारीत चाचपावी तशी,
आणि तोंड वाकडं केलं.
"सुकलंय. चिरेल."
मग सूप ओढलं पुढ्यात.
गार झालं होतं. गरम करून आणते म्हटलं,
तर ऐकेना.

पहिल्या दिवशी चार चमचे.
मग मिठावरून भांडण: "हे काय अळणी?"
मग माझी पाळी संपेपर्यंत भांडण.
अठरा दिवसांनी अल्ब्युमिन तीन पूर्णांक दोन.
सर्जननं मंगळवार दिला.

सोमवारी जेवणात हमसी होते,
बोटाएवढे मासे, भाजलेले, लिंबू पिळून.
इथं बहुतेक जण काट्यांसकट खातात.
त्यानं एकेक काटा सोडवला होता,
आणि ताटाच्या कडेला लावली होती
एक नाळ, एक कणा,
दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर फासळ्या.
तळाला पावाचा तुकडा.

तो झोपला होता, तोंड उघडं.

पेन काढलं.
पाव खाल्ला नाही, की पाव वापरला?
तक्त्यात तसा रकाना नाही.
ताट उचलताना हात हलू दिला नाही,
आणि खिडकीच्या कठड्यावर,
समुद्राकडे तोंड करून,
ते तसंच ठेवून खाली उतरले.